दोन पावसांचं जळण

ओंडके यायच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालायचे. पांढरा, पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. मनगटावर घड्याळ. सकाळी सातपासून फाटकाशी उभे. मालमड्डीतल्या आमच्या अरुंद गल्लीत ट्रॅक्टर पाठमोरा, अडखळत आत यायचा, ट्रॉलीत साखळीने आवळलेले ओंडके, आणि अण्णा दोन्ही हात हलवत त्याला वाट दाखवायचे. व्याही उतरून घ्यावेत तशी त्यांची गडबड असायची.

ट्रॅक्टर कलघटगीकडून यायचा. ड्रायव्हर दर वर्षीचाच. तो खाली उतरेपर्यंत अण्णा चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढलेले असत. वय चौऱ्याहत्तर. एकेका ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बोटाने टकटक करायची, वास घ्यायचा आणि शेवटी गाल टेकवायचा.

"अण्णारी, हेण्णु नोडाक बंदीरेनु?" ड्रायव्हर विचारायचा. मुलगी बघायला आलात काय?

"तुला काय कळतंय," अण्णा मराठीत उत्तर द्यायचे. "ओलं लाकूड गालाला गार लागतं. हाताला कळत नाही, हात निबर असतो."

वखारीत वाळलेलं, फोडलेलं जळण सरळ मिळत होतं. ते त्यांना चालायचं नाही. "वाळलंय म्हणतात. कुणी बघितलंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुकानदार म्हणाला डाळ यंदाची आहे, हवामान खातं म्हणालं उद्या पाऊस, गल्लीतलं कुणी म्हणालं आपला मुलगा अमेरिकेत सुखात आहे, तर अण्णांचं एकच, "कुणी बघितलंय?" म्हणून ओंडके ओले घ्यायचे, घरी आणायचे, स्वतः करवतायचे, स्वतः फोडायचे, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचायचे आणि दोन पावसाळे जाऊ द्यायचे. दोन पावसांच्या आतलं लाकूड त्यांनी कधी चुलाण्यात घातलं नाही. प्रत्येक राशीच्या मागे भिंतीवर खडूने झाडाचं नाव आणि महिना लिहिलेला असायचा. 'सुरू, माघ.' 'नीलगिरी, फाल्गुन.' अक्षर इतकं एकसारखं की छापल्यासारखं वाटावं.

ते साहजिकच होतं. चाळीस वर्षं त्यांनी टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली होती. धारवाडच्या कोर्टाकचेऱ्यांतले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेले असं गल्लीतले लोक सांगत. इन्स्टिट्यूट बंद झाली, यंत्रं भंगारात गेली, बोटं तेवढी राहिली. समोरचा बोलत असला की अण्णांची बोटं मांडीवर किंवा टेबलावर हलत राहायची. तुम्ही जे बोलता ते ती टाइप करत असायची. हे मला कळायला दोन महिने लागले. एकदा कळल्यावर मात्र सोपं झालं. बोटं चालू आहेत तोवर अण्णा ऐकताहेत. थांबली की ऐकणं संपलं, तुम्ही जा.

मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहत होते. मिरजेहून धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या नोकरीवर आले होते. नवऱ्यापासून वेगळी होऊन वर्ष झालं होतं. खोली बघायला ज्या चार घरी गेले तिथे प्रत्येकाने पहिला प्रश्न विचारला होता तो मिस्टर काय करतात हा. अण्णांनी विचारलं, "लाकूड फोडल्याचा आवाज चालेल काय तुम्हाला? रविवारी सकाळपासून असतो." चालेल म्हटलं. "मग बघा खोली," म्हणाले आणि किल्ली दिली. आठवड्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण तो मिस्टरांचा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नाही.

पहिल्या रविवारी मला त्या आवाजाने जाग आली. खिडकीतून पाहिलं तर मागच्या अंगणात अण्णा, बनियन आणि आखूड धोतर, पायात रबरी चपला. समोर चिंचेचा मोठा ठोकळा, त्यावर उभा केलेला ओंडक्याचा तुकडा. आणि ते त्या तुकड्याशी बोलत होते. कन्नडमध्ये, फार अदबीने. "एनंतीरी? इल्ली?" काय म्हणताय? इथे? मग कुऱ्हाड उचलायची. घाव बसायचा, तुकडा दोन्हीकडे मोकळा व्हायचा, आणि अण्णा म्हणायचे, "आयितु." झालं.

माणसांशी ते इतक्या अदबीने बोलत नसत.

हळूहळू मी खाली जाऊन पायरीवर बसायला लागले. मग फोडलेल्या फाळी उचलून द्यायला. मग एक दिवस त्यांनी कुऱ्हाड माझ्या हातात दिली. मी जोर लावून घाव घातला. पातं लाकडात रुतून बसलं. निघेना.

"भांडायला आलीस काय त्याच्याशी?" अण्णा म्हणाले. "आधी बघ. हे तोंड बघ. बारीक चीर दिसते? तो सांगतोय कुठून फुटायचं ते. तिथेच ठेवायची. हात नाही, कुऱ्हाडीचं वजन पडायला पाहिजे. आणि गाठ मधे धरायची नाही. गाठ कडेला ठेवायची, शेवटी बघायची."

तिसऱ्या रविवारी माझ्याच्याने पहिला तुकडा नीट फुटला. आत कोरं, ओलसर पिवळं लाकूड, नीलगिरीचा झणझणीत वास. मी मोठ्याने हसले. किती दिवसांनी हसले होते कोण जाणे.  अण्णा दुसरा तुकडा ठोकळ्यावर ठेवून बाजूला झाले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. एवढं जळण रचलेलं, पण अण्णा स्वतः थंड पाण्याने अंघोळ करत. बारा महिने. स्वयंपाक गॅसवर. माझ्याकडे वर गिझर. मग हे जळण कुणासाठी?

विचारलं तर म्हणाले, "हिला लागतं."

ही म्हणजे काकू. मी राहायला गेले त्याच्या आधी सहा वर्षांपासून काकू बंगळूरला मुलीकडे होत्या. नातू लहान होता, मुलगी आणि जावई दोघे नोकरी करणारे, दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या त्या तिथेच राहिल्या. मधून लग्नकार्याला येऊन जायच्या, एक दोन रात्री. काकूंना गुडघेदुखी होती. गिझरचं पाणी अंगाला लागतच नाही, लाकडावर तापलेलं पाणी हाडापर्यंत जातं, असं त्या कधीतरी म्हणाल्या होत्या. किती वर्षांपूर्वी, ते अण्णांनाही आठवत नव्हतं.

दिवाळीच्या आधी आठ दिवस अण्णा न्हाणीतला तांब्याचा हंडा चिंचेने घासून लखलखीत करायचे. सगळ्यात जुनी रास काढून चुलाण्याशेजारी आणून ठेवायचे. काकू यायच्या नाहीत. नातवाची परीक्षा, नाहीतर जावयाचा दौरा. भाऊबीज झाली की ती रास अण्णा गल्लीत वाटून टाकायचे. कुणाकडे मुंज असायची, कुणाला अंगणात चूल मांडायची असायची. शेडमध्ये जागा व्हायची. माघ लागला की पुन्हा इस्त्रीचा शर्ट.

दोघांचं फोनवर बोलणं रविवारी जेवणानंतर व्हायचं. अण्णा फोन स्पीकरवर लावून पायरीवर ठेवत, त्यामुळे मलाही ऐकू येई.

"जेवलात?"

"जेवलो. तू?"

"हो. गोळ्या घेताय ना?"

"घेतो की."

मग बराच वेळ काही नाही. पलीकडून टीव्हीचा आवाज. "ठेवू?" काकू विचारायच्या. अण्णा मान हलवायचे, जणू काकूंना ती दिसतेच आहे.

अशाच एका रविवारी, माझ्या दुसऱ्या वर्षी, काकू म्हणाल्या, "ह्याची दहावी होऊ दे एकदा. मग येते मी कायमची."

नातू तेव्हा आठवीत होता. अण्णांची बोटं मांडीवर वेगाने हलली. फोन ठेवल्यावर ते उठले आणि अंगणात उभे राहून मला म्हणाले, "आता ओंडके आणले तर बरोबर दोन पावसाळे होतात बघ. दहावी संपते मार्चमध्ये."

त्या वर्षी नीलगिरी नाही. अण्णांनी ड्रायव्हरला बाभूळ आणायला सांगितलं. बाभळीसारखा निखारा कशाचाच नाही, सकाळी पेटवली तर दुपारपर्यंत पाणी गरम राहतं. पण बाभूळ फोडणं म्हणजे काम. ओली आहे तोवर फोडली तर फोडली. वाळली की लोखंड. ट्रॉलीभर काळपट, वाकडेतिकडे, गाठींनी भरलेले ओंडके अंगणात पडले तेव्हा मला धडकीच भरली.

"अण्णा, हे तुमच्याने होणार आहे का? माणूस लावा दोन दिवस."

"माणूस फोडेल. कशी फोडली, कुणी बघितलंय?"

यासाठी त्यांनी ठेवणीतली पाचर आणि घण बाहेर काढला. चिरेत पाचर उभी करायची आणि वरून घणाचे घाव. फेब्रुवारी, मार्च. रोज सकाळी दोन तास, रविवारी पाच. भिंतीवर खडूने लिहिलं, 'बाभूळ.' महिना लिहिला नाही. त्याखाली लिहिलं, 'दहावीनंतर.'

एप्रिलच्या एका रविवारी, अकराच्या सुमाराला, मी फाळी रचत होते. पाठीमागे घाव पडला, पण आवाज वेगळा आला. अण्णा "अय्य" एवढंच म्हणाले. वळून बघितलं तर ते ठोकळ्याचा आधार घेऊन उभे होते. पाचरीसाठी चीर पाडताना कुऱ्हाड गाठीवरून घसरली होती आणि उजव्या पावलाची बाहेरची कड उघडी पडली होती. रबरी चप्पल रक्ताने भरली होती.

ओढणीने पाऊल आवळून बांधलं. रिक्षा आणली. जवळच्या डॉक्टरांनी टाके घातले, इंजेक्शन दिलं, साखरेचं विचारलं. अण्णांना साखर होती हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांत भरून येईल, फक्त पाय खाली सोडायचा नाही, दर दोन दिवसांनी दाखवायचं. अण्णा माझ्याकडे बघून पुटपुटले, "कुणी बघितलंय?"

परत येताना रिक्षात म्हणाले, "बंगळूरला कळवायचं नाही."

"अण्णा..."

"नाही म्हणजे नाही. ती येईल, घेऊन जाईल, कुलूप लागेल घराला. कळवायचं नाही. शब्द दे."

मी शब्द दिला.

मुलीचा फोन मला अधूनमधून येत असे. त्या दिवसांत जवळजवळ रोजच. "अण्णांचा आवाज खोल वाटतोय. बरे आहेत ना?"

"बरे आहेत ताई. ऊन फार आहे ना यंदा."

पहिल्या आठवड्यात ते खोटंही नव्हतं. अण्णा पाय स्टुलावर ठेवून बसायचे, मी डबा करून जायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डॉक्टरांकडे जायचं टाळलं. "तू कामावर असताना गेलो होतो," म्हणाले. गेले नव्हते. पावलावर पंचा टाकून बसायला लागले. अंगात कणकण असायची, ते उन्हाचं म्हणायचे. संध्याकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर सोडायची, मी चालत गल्लीत शिरले की अण्णा पुढच्या पायरीवर फाटकाकडे तोंड करून बसलेले दिसायचे.

"फोन आला होता काय गं बंगळूरचा?"

"आला होता."

"काय म्हणालीस?"

"बरे आहेत म्हणाले."

"बरं केलंस," अण्णा म्हणायचे आणि त्यांची बोटं थांबायची.

हे रोज. न चुकता रोज, हेच पाच वाक्यांचं बोलणं. मी वर जायचे.

मी शब्द पाळत होते, असं मी स्वतःला सांगत होते. पण मला दिसत होतं की पाऊल सुजलं आहे. प्रयोगशाळेत काम करणारी बाई मी, तो वास कशाचा असतो हे मला न कळायला मी काही अडाणी नव्हते. खरी गोष्ट अशी होती की अण्णा गेले तर त्या घरात मी एकटी उरणार होते. शनिवारी संध्याकाळी बसमधून उतरताना दुसऱ्या दिवशी करण्यासारखं काहीतरी आहे, कुणीतरी खाली आहे, याची मला सवय झाली होती. ते सोडायला मी तयार नव्हते. म्हणून रोज वाटायचं, उद्या बघू, उद्या सूज उतरेल.

एकविसाव्या दिवशी मी आले तेव्हा अण्णा पायरीवर नव्हते. आत कॉटवर पडले होते, अंग भाजत होतं, आणि मला त्यांनी काकूंच्या नावाने हाक मारली. मी तिथेच उभी राहून बंगळूरला फोन लावला.

मुलगी सकाळच्या गाडीने आली. तोवर मी शेजाऱ्यांच्या मदतीने त्यांना हुबळीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणायला हवं होतं. पाय वाचला. कडेची दोन बोटं काढावी लागली.

कॉरिडॉरमध्ये मुलगी माझ्यापुढे उभी राहिली. ओरडली नाही. "तीन आठवडे," म्हणाली, "मी तुम्हाला विचारत होते. तुम्ही मला बरे आहेत, बरे आहेत म्हणत होता."  सांगण्यासारखं काय होतं? शब्द दिला होता म्हणून? अर्धंच खरं सांगायची मला तिथे लाज वाटली.

दोन आठवड्यांनी अण्णांना गाडीने बंगळूरला नेलं. आधी घरी आणलं, कपडे घ्यायला. ते मागच्या सीटवरून उतरले नाहीत. मी काचेपाशी गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोर बघत म्हणाले, "फाटकाचं कुलूप दोनदा ओढून बघत जा." काच वर गेली.

मला वाटलं, मी शब्द मोडला म्हणून.

मुलीने मला घरात राहू दिलं. रिकाम्या घरापेक्षा कुणी असलेलं बरं, एवढाच त्यामागे विचार असेल. महिन्यातून एकदा तिच्याशी बोलणं व्हायचं, नळाचं बिल, गळणारं छप्पर. "अण्णा आहेत का?" मी विचारायचे. "झोपलेत," नाहीतर "बाल्कनीत बसलेत." त्यांनी कधी फोन हातात घेतला नाही. मीही आग्रह केला नाही. बंगळूरला जाणारी रेल्वे रोज होती. मी गेले नाही.

अंगणात निम्मी बाभूळ तशीच पडली होती.

पहिले दोन रविवार मी खिडकी लावून घेतली. तिसऱ्या रविवारी खाली उतरले. वाळून गेली तर ती कुणाच्याच्याने फुटणार नव्हती. अण्णांचे दोन तुकडे फोडून व्हायचे तेवढ्या वेळात माझा अर्धा. घण उचलला की खांदे थरथरायचे. पायात मी कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट घालायचे. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मीही ओंडक्याशी बोलायला लागले. मराठीत. काय बोलायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. बरंचसं नवऱ्याबद्दल होतं, थोडं अण्णांबद्दल. पाऊस सुरू झाला तेव्हा आठ ओंडके राहिले होते, त्यांवर मेणकापड टाकलं. ते नवरात्रात काढले. आठपैकी तीन फुटलेच नाहीत, तसेच उभे करून ठेवले.

पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये काकू आल्या, एकट्याच. घर विकायचं ठरलं होतं, सामान काढायला दोन दिवस. मी त्यांना पहिल्यांदाच नीट बघत होते. ठेंगण्या, चुणचुणीत, पायात कापडी बूट. कपाटं उघडून भराभर ठरवत होत्या, हे द्यायचं, हे न्यायचं, हे टाकायचं. दुपारी शेडमध्ये आल्या आणि भिंतीसमोर थांबल्या.

"हे काय लिहिलंय? 'दहावीनंतर' म्हणजे?"

मी सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की तुम्ही फोनवर म्हणाला होता, आणि त्यांनी दोन पावसाळे मोजले.

काकू राशीच्या कडेला बसल्या. "मी दर वर्षी काहीतरी म्हणत होते गं. दिवाळीला येते, उन्हाळ्यात येते. म्हणायचं म्हणून. मला वाटायचं, त्यांनाही ते कळत असेल." मग म्हणाल्या, "मला तिथे बरं वाटतं. सकाळी आम्ही आठदहाजणी फिरायला जातो. भजनाचा वर्ग आहे. संध्याकाळी कुणाच्या जेवणाची घाई नाही. इथे चाळीस वर्षं मी त्या टकटकीत काढली, आधी मशिनांची, मग लाकडांची. पण हे कसं सांगायचं माणसाला? त्यांनी वाईट असं काही केलंच नाही कधी."

"आता कसे आहेत?"

"आहेत. काठी घेऊन चालतात. बोलत नाहीत फारसे." मग माझ्याकडे बघून, "तुझं नाव काढलं की उठून जातात."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच म्हटलं, "तापव पाणी. बघू तरी." मी चुलाण्यात बाभूळ घातली. न धुमसता पेटली. काकूंनी दार लावून घेतलं आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता, डोळेही.  केस पुसत म्हणाल्या, "पाणी बरंच उरलंय. चल, पितळेची भांडी धुऊन घेऊ. बांधायची आहेत."

जळण गल्लीने नेलं. पोत्यात, हातगाडीवर, सायकलला बांधून. ज्यांना लागत नव्हतं त्यांनीही दोन दोन फाळी उचलल्या. जानेवारीत मी नवनगरला एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले. बेलूरची बस तिथेही येते. रविवारी मी उशिरा उठते.

परवाच्या रविवारी सकाळी फोन वाजला. काकूंचा नंबर होता. उचलला तर पलीकडे कुणी बोलेना. लांबून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"काकू?"

"मी आहे," अण्णा म्हणाले.



"दहावी झाली त्याची काल. शेवटचा पेपर होता," म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. रविवारच्या त्यांच्या फोनसारखंच. मी आधी कामाचं काहीबाही बोलले, घराचं बोलले, नवीन मालकांनी शेड पाडल्याचं बोलून गेले आणि जीभ चावली. मग पावणेदोन वर्षं मनात धरलेलं विचारलं.

"अण्णा, मी सांगायला नको होतं का? राग आहे ना तुमचा?"

"राग आहे की."

"मी शब्द दिला होता. पण तुम्हाला इतका ताप..."

"तू फार उशीर केलास गं," अण्णा म्हणाले.

मला कळेना. "तुम्हीच तर म्हणाला होता, कळवायचं नाही."

"मी तसंच म्हणणार की. मी काय, भीती वाटते, मला घेऊन जा, असं सांगणार होतो पोरीला?" त्यांचा आवाज चढला नाही. "रोज संध्याकाळी तुला विचारत होतो. फोन आला होता काय, काय म्हणालीस. पायरीवर बसून राहायचो. वाटायचं, आज हिने सांगितलं असेल. तू म्हणायचीस, बरे आहेत म्हणाले. मग रात्र काढायची. म्हणायचं, उद्या सांगेल."

खिडकीखाली कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं.

"मला दिसत होतं, अण्णा. दुसऱ्या आठवड्यापासून. तुम्ही गेलात तर मी एकटी पडेन, म्हणून नाही सांगितलं."

 फोन कटला की काय म्हणून मी कानापासून काढून पाहिला. चालू होता. पलीकडून काकूंची हाक आली, "अहो, चहा निवतोय!"

"आलो," अण्णा त्यांना म्हणाले. मग मला म्हणाले, "ये एकदा. पाय बघून जा. बघितल्याशिवाय तुला झोप लागायची नाही."

येत्या शनिवारचं तिकीट काढलं आहे.